मस्कीचा डोळा

१

मार्सेला डेलफॉसचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये बर्फ उडवायच्या मशीनला शिव्या घालत होते. एप्रिल लागला होता, पण आमच्या पोर्ट अर्सुलात हिवाळा घरजावयासारखा मुक्काम ठोकून बसतो.

"रोझ, लगेच ये," मार्सेला म्हणाली. "मस्की गेला."

मस्की हा ग्रीन बे आखाताच्या पाण्यातला दांडगा मासा. पण मार्सेला बोलत होती ती अक्षरांबद्दल. तिच्या छापखान्यानं गेल्या वर्षी मस्की नावाचा फाँट काढला होता. त्यात फक्त इंग्रजी मोठी अक्षरं. जाडजूड, वेडीवाकडी, कडा कुरतडलेल्या, अंगावर खरबरीत आडव्या रेषा. 'एस'च्या वरच्या टोकाला तर चक्क एक गोल डोळा. बघणाऱ्याला हसू यायचंच. बघता बघता चीजच्या वेष्टणावर, बिअरच्या डब्यावर, बेटावर जाणाऱ्या बोटीच्या पोटावर, जिकडे बघावं तिकडे मस्की झाला.

तो काढला होता ट्रेंट होल्मनं. ट्रेंट छापखान्यातलं कॉम्प्युटरचं काम बघतो. मूळ कागद, ज्यावर ही अक्षरं हातानं काढली होती, तो रविवारी गावच्या, छपाईच्या लाकडी खिळ्यांच्या संग्रहालयात भिंतीवर लागायचा होता, खाली ट्रेंटच्या नावाची पाटी. गुरुवारी ट्रेंटनं तो कागद खाकी वेष्टणात बांधून आणला आणि मार्सेलाच्या खणात ठेवला. शुक्रवारी सकाळी वेष्टण होतं, कागद नव्हता.

आता मला का बोलावलं, ते सांगते. मी रोझली जेडिन. जन्मभर विमा कंपनीसाठी जळालेली घरं बघत हिंडले; आग लागली की लावली, ते सांगायचं माझं काम. आता निवृत्त आहे. गावात काही हरवलं की लोक शेरीफच्या आधी मला बोलावतात, कारण मी पैशांऐवजी चेरी घालून भाजलेल्या गोड पायवर भागवते आणि चारचौघांत तोंड उघडत नाही.

छापखान्यात शिरले तर सगळे उभेच होते. मार्सेलाचे डोळे सुजलेले. ट्रेंट हातवारे करत होता. पाकू वांग मशीनला टेकून उभी होती. पाकू तिशीतली, ग्रीन बे शहरातल्या, मूळच्या लाओसकडच्या हमाँग घरातली मुलगी. चार वर्षांपूर्वी खिळे जुळवायला शिकायला म्हणून आली आणि राहिली. मार्सेलाला मूलबाळ नाही. या उन्हाळ्यात पाकूला भागीदार करून पुढे छापखाना तिच्याच हाती सोपवायचा, असं ठरलेलं होतं.

"छापखान्याची किल्ली हिच्याकडे आहे," ट्रेंट म्हणाला. "आणि महिन्याभरापूर्वी सगळ्यांदेखत म्हणाली होती, मस्की तू काढलेलाच नाहीस म्हणून. विचार तिला."

मी पाकूकडे पाहिलं. "म्हणाले होते," ती म्हणाली. "अजून म्हणते. पण कागद मी घेतला नाही."

मार्सेलानं मला बाजूला घेतलं. रविवारपर्यंत कागद मिळाला नाही तर पाकूला जावं लागेल, असं ती म्हणाली. चोरीचा वहीम असलेल्या माणसाला छापखाना कसा देणार, आणि जिला देता येत नाही तिला ठेवून तरी कसं घेणार. तिला हे बोलताना त्रास होत होता, पण ती बोलली.

स्टोव्हजवळ तिचे वडील, एमील, स्टुलावर बसून होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. एकेकाळी या किनाऱ्यावरचे सगळ्यात चोख कंपोझिटर. सरळ अक्षर म्हणजे एमील डेलफॉसचं, असं म्हणत. त्यांनी एप्रनच्या खिशात हात घातले होते आणि ते माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

२

ट्रेंटला मी त्याच्या घरी गाठलं. माणूस घरी जास्त खरं बोलतो असं नाही, पण घर बोलतं. त्यानं कॉफी दिली, त्याच्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या टेबलावर. मी विचारलं, मस्की कुठे काढलास.

"इथेच. याच टेबलावर. गेल्या वर्षी जानेवारीत, एका दुपारी. काळा मेणखडू घेतला आणि 'ए'पासून 'झेड'पर्यंत ओळीनं काढत गेलो."

"आणि 'एस'चा डोळा?"

तो खुलला. मुलाखतींमध्ये हा प्रश्न त्याला नेहमी विचारतात, हे दिसतच होतं. "तो शेवटी काढला. अक्षर माझ्याकडे बघतंय असं वाटलं, म्हटलं, घे बाबा तुला डोळा."

मी काचेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. मग विचारलं, कागद संग्रहालयाला द्यायला त्यानं काही आढेवेढे घेतले होते का. तो चक्रावला. कशाला घेईन, म्हणाला, उलट त्यांनी मागितला त्याच दिवशी मी हो म्हटलं.

माझा पहिला संशय खरं तर त्याच्यावरच होता. कागद त्याचा नसेल तर तो नाहीसा होण्यात त्याचाच फायदा, आणि वर पाकूच्या नावानं ओरडायचं, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. पण हा माणूस पाठ केलेलं बोलत होता, खोटं असावं असं, आणि तरी त्याला कागदाची भीती नव्हती. हा हिशेब मला जुळेना. घरी परतताना मी दोनदा चुकीच्या रस्त्याला वळले.

३

पाकू छापखान्यात बूयाच्या जेवणाचं पोस्टर जुळवत होती. रविवारी संग्रहालयाच्या अंगणात बूया शिजणार होता. आमच्याकडे लग्न असो की मयत, मोठ्या कढईत कोंबडी, बीफ आणि भाज्या रटरटल्याशिवाय माणसं जमत नाहीत. ज्या समारंभात तिला चोर ठरवायचं होतं त्याचीच जाहिरात ती जुळवत होती, आणि एकही खिळा वाकडा नव्हता.

तिला बोलतं करायला म्हणून मी म्हटलं, माझं नाव जुळवून दाखव. तिनं खण माझ्यापुढे ओढला. खिळ्यांच्या या खणाला केस म्हणतात, घराघरांची, प्रत्येक अक्षराला एक घर. म्हणाली, तुम्हीच काढा. मला 'जेडिन'चा 'जे' हवा होता. मी 'आय'च्या शेजारच्या घरात हात घातला तर हातात 'के' आला.

"सगळे तिथेच फसतात," पाकू पहिल्यांदाच हसली. "'जे' आणि 'यू' ही अक्षरं वर्णमालेत उशिरा आली. तोवर केसमधली घरं वाटून झाली होती. मग त्यांना पार शेवटी बसवलं, 'झेड'च्या नंतर. आता हाताला तीच सवय. मला परवा फॉर्मवर वर्णमाला लिहायला सांगितली असती तर मी 'झेड'नंतर 'जे' लिहिला असता."

मी विचारलं, मस्की ट्रेंटचा नाही हे ती कशावरून म्हणते. पुरावा नाही, ती म्हणाली.

"लोकांना ती अक्षरं गमतीची वाटतात. मला नाही वाटत. प्रत्येक रेघ बघा, निघते ती सरळ जायचं म्हणून निघते. मग मध्येच काहीतरी होतं. ट्रेंट गंमत करायला बसला असता तर पहिल्यापासूनच वाकडी काढली असती. ज्यानं कुणी काढली तो गंमत करत नव्हता."

मग सहज म्हणाली, हे एमील आजोबांना विचारायला हवं होतं, पण ते हल्ली केसजवळ येतच नाहीत. डोळे थकले म्हणतात. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून एक ओळ जुळवलेली नाही. सकाळी येतात, स्टोव्ह पेटवतात आणि बसतात.

मी स्टुलाकडे पाहिलं. एमील मघाशी तिथे होते. आता स्टूल रिकामं होतं.

४

मूळ कागद नव्हता, पण मस्की तर होता. मी पाकूकडून सगळी अक्षरं ताटाएवढी मोठी छापून घेतली, घरी नेली आणि बैठकीच्या खोलीत जमिनीवर पसरली. गुडघे दुखत होते, पण खुर्चीतून हे काम होणारं नव्हतं.

अक्षरांच्या अंगावरच्या त्या खरबरीत रेषा सगळ्यांना मेणखडूचा खेळ वाटत होत्या. मी जन्मभर जळकी तुळयालाकडं बघितलेली बाई. त्या रेषा मला पहिल्याच दिवशी ओळखू यायला हव्या होत्या. लहानपणी कागदाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासली की नाणं उमटतं ना, तसंच हे. कागदाखाली जुनी, उन्हापावसात खडबडीत झालेली फळी होती. काच नव्हती. ट्रेंटची एक थाप तर उघडी पडली.

ट्रेंटनं कॉम्प्युटरमध्ये घेताना अक्षरं जशीच्या तशी उचलली होती, त्यामुळे फळीच्या रेषाही उचलल्या गेल्या. 'ए'च्या उजव्या कडेला ज्या रेषा संपत त्या 'बी'च्या डाव्या कडेला पुढे सुरू होत. फळीला एक लांब चीर होती, तीही एका अक्षरातून दुसऱ्यात चालत जायची. मी एकेक अक्षर लावत गेले आणि रांग सुरळीत जुळत गेली.

'एस'ला आले तेव्हा हात थांबला. 'आर'मधल्या रेषा 'एस'कडे जाताना दोन्हीकडे फाकत होत्या आणि 'टी'मध्ये पुन्हा एकत्र येत होत्या. वाहतं पाणी दगडाला वळसा घालतं तशा. म्हणजे 'एस'चा तो लाडका डोळा कुणी काढलाच नव्हता. ती फळीतली गाठ होती. ट्रेंटची दुसरी थाप.

आता नुसतं शेवटपर्यंत लावून टाकू म्हटलं, तर एक भानगड निघाली. 'आय'नंतर 'जे' काही केल्या बसेना. चीर वर, रेषा खाली. मी वैतागून 'जे' बाजूला टाकला आणि 'के' लावला. लगेच बसला. 'टी'नंतर 'यू'चीही तीच रड. तिथे 'व्ही' बसला. हातात दोन अक्षरं उरली. 'झेड'च्या पुढे 'जे' ठेवला, त्याच्या पुढे 'यू', आणि चीर सरळ आरपार गेली.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. ट्रेंटनं आयुष्यात एक खिळा उचललेला नाही. ही अक्षरं अशा हातानं काढली होती ज्याला वर्णमाला शाळेतून नव्हे, केसमधून पाठ होती.

५

गावात असे हात तीनच: पाकू, मार्सेला आणि एमील.

पाकूनं काढली असती तर तिनं तोंडानं सांगितलं असतं. आणि कागद तर तिच्या बाजूचा साक्षीदार, तो ती कशाला लपवेल. मार्सेलानं काढली असती तर ट्रेंटचं नाव पहिल्याच दिवशी पुसलं असतं. ट्रेंट खोटा होता, पण कागदाला घाबरत नव्हता, कारण त्याच्यावर काय लिहिलेलं आहे हे त्याला दिसतच नव्हतं. कागदाला घाबरेल तो ज्याला तो वाचता येतो. भिंतीवर लागला असता तर संग्रहालयात येणाऱ्या कुठल्याही जुन्या कंपोझिटरनं ती ओळ बघून विचारलं असतं, हे कुणाच्या हातचं. आणि कुणाला तरी ते विचारलं जायला नको होतं.

शनिवारी मी एमीलच्या घरामागे गेले. त्यांची बर्फावर मासेमारी करायची खोपटी अंगणात आणून ठेवली होती. मार्चमध्ये सगळ्यांनाच आपापल्या खोपट्या गोठलेल्या आखातावरून ओढून आणाव्या लागतात. दार उघडं होतं. आत एमील, आणि त्यांच्यापुढे भिंतीला ठोकलेलं फळीचं टेबल. फळीला लांब चीर होती. चिरेच्या वर एक काळी, गोल गाठ.

"ये रोझ," ते म्हणाले. "तुला वेळ लागला."

मग त्यांनी खिशातून हात काढले आणि फळीवर ठेवले. दोन्ही हात सारखे हलत होते.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. दोन हिवाळ्यांपूर्वी हात थरथरायला लागले. आधी खिळे सांडले. मग कॉफी. कुणाला कळू नये म्हणून ते खोपटीत येऊन सराव करायला लागले. बर्फावर शाई गोठते म्हणून मेणखडू. जन्मभर जी साधी, सरळ, ठसठशीत अक्षरं जुळवली तीच काढायची, रोज, हात ताळ्यावर येईपर्यंत. हात ताळ्यावर आला नाही. शेवटचा कागद त्यांनी छापखान्यातल्या सरपणाच्या पेटीत टाकला. तो ट्रेंटनं उचलला.

"त्यानं मला विचारलं असतं तर दिला असता," एमील म्हणाले. "पण मग बोटीवर ती अक्षरं बघितली. सगळे हसत होते. मुलं बोट दाखवत होती. मी काय सांगणार होतो, की यात हसण्यासारखं काही नाही?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. त्यांनी मला माझ्या नवऱ्याच्या मयताला रडताना पाहिलेलं आहे.

मार्सेलाला कळलं तर ती कागद कापायच्या मशीनपाशी फिरकू देणार नाही, मग छापखान्यातच येऊ देणार नाही, ही त्यांची भीती. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल, म्हणाले. त्यांनी टेबलाखालून कागद काढून माझ्या हातात दिला. खणाच्या मागे पडला होता म्हणून सांग, म्हणाले. ट्रेंटचं नाव लागू दे. पाकूवरचा चोरीचा आळ तर जाईल.

"चोरीचा जाईल. खोटेपणाचा राहील," मी म्हटलं. "तिनं मस्की ट्रेंटचा नाही असं सगळ्यांदेखत सांगितलंय, एमील, आणि ते खरं आहे. खोटं बोलणाऱ्या बाईला मार्सेला छापखाना देईल असं वाटतं तुम्हाला?"

मी त्यांना सांगितलं की उद्या मी मला दिसलं तेवढं सांगेन, पण नाव घेणार नाही. ते घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही बघा.

६

रविवारी ऊन पडलं. संग्रहालयाच्या अंगणात कढईवर वाफ होती आणि लाकडी टेबलांवर खाकी कागद अंथरलेला होता. लोक यायच्या आधी मी चौघांना एका टेबलाशी बोलावलं: मार्सेला, ट्रेंट, पाकू आणि एमील. कागद मधोमध ठेवला.

मी फळी सांगितली, गाठ सांगितली, 'जे' आणि 'यू' सांगितले. मार्सेलाला समजावायची गरजच नव्हती. तिनं त्या ओळीवर नजर टाकली आणि ट्रेंटकडे पाहिलं. ट्रेंटचा चेहरा पडला. पण पडलेला माणूसही हाताला लागेल ते धरतो.

"ठीक आहे, सरपणात मिळाला मला," तो म्हणाला. "टाकून दिलेला कागद होता. पण मग ही केसवाली कोण? हीच ना? हिनंच काढला, टाकला, मी नावारूपाला आणला तेव्हा जळली, आणि चोरला. रोझ, तू स्वतःच सिद्ध केलंस."

मार्सेला पाकूकडे वळली. "तू काढलास?"

"नाही," पाकू म्हणाली. "माझा असता तर मी सांगितलं असतं." पण तिलाही दिसत होतं की आता तिच्या शब्दाशिवाय तिच्याकडे काही नाही. तिनं गळ्यातली छापखान्याची किल्ली काढायला हात वर नेला.

"किल्ली राहू दे," एमील म्हणाले.

त्यांनी एप्रनच्या खिशातून मेणखडू काढला. टेबलावरच्या खाकी कागदावर हात टेकवला आणि 'ए' काढायला घेतला. रेघ निघाली ती सरळ निघाली. अर्ध्यावर हात उसळला, त्यांनी तो ओढून परत आणला, पुन्हा उसळला. सगळ्यांना ते बघावं लागलं. अक्षर पुरं व्हायला फार वेळ लागला, आणि पुरं झालं तेव्हा तो मस्कीचा 'ए' होता.

"मी सरळच काढत होतो," ते म्हणाले.

मार्सेलानं तोंडावर हात घेतला. मग वडिलांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तिच्या हातांसकट तो हलत राहिला. शेवटी ती म्हणाली की उद्यापासून कापायच्या मशीनला हात लावायचा नाही. हे ते धरूनच चालले होते. त्यांनी मान डोलावली. मग ती उठली, पाकूसमोर गेली आणि म्हणाली, "मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. माझं चुकलं." पाकूनं लगेच माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिनं नुसतं ऐकून घेतलं. किल्ली गळ्यातच राहिली.

ट्रेंट कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. पाटीवरचं नाव मार्सेलानं तिथल्या तिथे बदलायला लावलं.

लोक जमले, बूया वाढला गेला. एमील भिंतीवरच्या आपल्या कागदापासून लांब, पाठ फिरवून बसले होते. मुलं 'एस'च्या डोळ्याकडे बोट दाखवून हसत होती. पाकू ताटली घेऊन त्यांच्याजवळ गेली. मी शेजारीच होते.

"हसतात ते," एमील म्हणाले.

"हो. पण तुम्हाला नाही हसत, आजोबा. त्यांना आवडतंय." ती बसली. "लोक मला विचारतात, यात लहान अक्षरं का नाहीत. मी सांगते, ज्यानं काढला त्यालाच माहीत."

एमीलनं चमचा उचलला, थोडा बूया सांडला आणि तो तसाच सांडू दिला. म्हणाले, सोमवारी खोपटीत ये, लहान अक्षरं काढू. मग विचारलं, "हात हलेल माझा. चालेल?"

"हलू दे," पाकू म्हणाली. "कागद मी धरते."